ड्रम गप्प आहे, काळजी नको

२ सप्टेंबर १९७४, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण या घरात, या गल्लीत, सबंध न्यू ऑर्लीन्स शहरात माझ्याशी नीट बोलणारा माणूस उरलेला नाही. सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. आमच्या वेळी माणसं तोंड उघडून बोलायची. लिहिलेलं तरी स्पष्ट असतं.

आल्सीदला हॉस्पिटलातून घरी पाठवलं. छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच बरं वाटेल. म्हणजे बरा होतोय.

दुपारी भेटून आलो. पुढच्या ओसरीत खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर ट्रंपेट. फुंकत नव्हता, नुसता पुसत होता. बँड त्याचा. तो पुढे ट्रंपेट घेऊन, मागे मी तळाला तारा ताणलेला स्नेअर ड्रम घेऊन, असे आम्ही सगळ्या वस्तीला कबरस्तानापर्यंत पोचवत आलो. लाल बीन्स आणि भात झाल्यावर म्हणाला, नूमा, माझ्या वेळी ड्रम तूच वाजवायचास, दुसऱ्या कोणाचा हात लागला तर उठून बसेन. मी शब्द दिला. पण हेही सांगितलं की तशी वेळ येणार नाही, कारण ड्रम गप्प आहे.

ड्रम माझ्या धर्मपित्याचा, पारँ जूल्सचा. ते सांगायचे, आपल्या बँडमधलं कोणी जाणार असलं की हा कोपऱ्यात बसल्या बसल्या आपोआप खरखरतो. पारँ स्वतः गेले त्या आठवड्यात मी या कानांनी ऐकलंय. तळाच्या तारा एकमेकींशी कुजबुजत होत्या, हात न लावता. अंगावर काटा आला होता. माझी बायको ओडेल म्हणते, फ्रिज सुरू झाला किंवा गल्लीतून ट्यूबाचा मोठा भोंगा वाजत गेला की त्या तारा थरथरतात, त्यात जगणं-मरणं काही नाही. तिचं माहेर बॅटन रूजचं. तिला काय कळणार.

तर सध्या ड्रम ठार गप्प आहे. सबंध उन्हाळाभर हूं की चूं नाही. हे ऐकून आल्सीद माझ्याकडे बघत राहिला, मग व्हर्नाकडे. व्हर्ना त्याची मुलगी, माझी धर्मकन्या, मला पारँ म्हणते. ती आत निघून गेली. हळवी आहे.

संकल्प: ड्रम संपूर्ण उघडून, घासूनपुसून, नव्यासारखा करणे. आल्सीद बरा झाला की त्याच्या पहिल्या मिरवणुकीसाठी.

४ सप्टेंबर, बुधवार

ओडेल चर्चला. ड्रम घेऊन बसलो.

असा ड्रम आता होणे नाही. पितळेचं अंग, वर निकेलचा मुलामा, जिथे उडालाय तिथे पिवळं पितळ दिसतं. लाकडी ड्रमला एकच स्वभाव असतो. पितळाला हवं तसं बोलवता येतं. पेच सैल ठेवा, म्हाताऱ्या पाद्र्यासारखा खालच्या पट्टीत बोलेल. जरा आवळा, चर्चमधल्या बायकांच्या टाळ्या. अजून आवळा, फ्रेंच मार्केटातली मासळीवाली. पार आवळा, पिस्तुलाचा बार. शिवाय बाजूला खटका. वर केला की तळाच्या तारा कातड्याला चिकटतात आणि तो झणझणीत आवाज निघतो. खाली पाडला की तारा सुटतात आणि नुसता धप्प, धप्प. कबरस्तानाकडे जाताना खटका खाली. मेलेला माणूस सोबत असताना तारा वाजवणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी मारणं. थडग्याचं तोंड बंद झालं की मात्र खटका वर, एक सणसणीत रोल, आणि तिथून सगळी वस्ती नाचत घरी. हे काम स्नेअरवाल्याचं. रडणं थांबव, नाच सुरू कर, हे तो सांगतो.

आज वरच्या पट्टीला धार कमी वाटली. आवळलं. तरी कमी. मग सगळेच पेच आवळले. आता कुठे जरा बरं. शेजारच्या मिसेस लाबोनं एवढ्या उकाड्यात खिडक्या लावून घेतल्या. आवाज किती लांब जातो याचा हा पुरावा.

७ सप्टेंबर, शनिवार

आखातातून वादळ येतंय. रेडिओ ओरडतोय म्हणे. शेजाऱ्यांनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या. ओडेलनं बॅग भरली आणि बहिणीकडे बॅटन रूजला चल म्हणाली. मी म्हटलं, ड्रम गप्प आहे. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, नूमा, गप्प? सकाळपासून त्या कोपऱ्यात साप बसल्यासारखं झालंय, माझं डोकं उठलंय! आणि ड्रमवर गोधडी टाकली. वादळाच्या भीतीनं बायकांना काय काय ऐकू येतं.

कुठेही जायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

८ सप्टेंबर, रविवार

वादळ पश्चिमेला वळलं! आमच्या गल्लीत चार फांद्या पडल्या, बस. ओडेलला एवढंच म्हटलं, बघ. दिवसभर तिच्याकडे बघून नुसता हसत होतो. तिनं गोधडी तशीच ठेवलीय.

१५ सप्टेंबर, रविवार

वस्तीच्या क्लबची मिरवणूक. ड्रमला परवाच चढवलेलं नवं कातडं रस्त्याच्या ऐन कोपऱ्यावर फाटलं. मोठा बार झाला. लोक गोळी झाडली समजून पळाले, एक बाई बारच्या टेबलाखाली गेली. पोलीसही आला.

कारणं: एक, हवेतला दमटपणा. दोन, हल्लीचं प्लॅस्टिक. मी आवळण्यात चुकणं शक्य नाही, हातांना माप ठाऊक आहे.

क्लीव्ह, आमचा मोठ्या ढोलावरचा माणूस, एरवी बस चालवतो, हल्ली मिरवणुकीत माझ्या अंगावर रेलून चालतो. त्याचा ढोल माझ्या बरगड्यांत लागतो. सरक म्हटलं तर सरकत नाही. मिरवणूक संपल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, काका, तुम्ही एक ठोका पुढे जाताय. मी म्हटलं, तुम्ही सगळे मागे राहताय. ढोल उचलून निघून गेला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

ओडेलनं मला न विचारता कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली! भयंकर भांडण. ती ओरडत होती, पण तेव्हा तिचा शब्द न् शब्द कळत होता, म्हणजे बघा.

तरी गेलो, तिचं तोंड बंद करायला. एका पेटीत बसवून कानांना डबे लावले. आवाज आला की बोट वर करा. काचेपलीकडची नर्स बटण दाबताना खांदा हलवते हे माझ्या पहिल्याच फेरीत लक्षात आलं. तिचा खांदा हलला की माझं बोट वर. एकही चूक केली नसती, पण मध्येच ती शिंकली. तेव्हाही बोट वर केलं.

डॉक्टरांनी तरीही यंत्र दिलं. त्यांना यंत्रं खपवायची असतात.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

ओडेलच्या हट्टापायी यंत्र लावलं. नरक! वर्तमानपत्र कडाडतं. माझी स्वतःची चप्पल मला मारायला येतेय असं वाटतं. ओडेल जेवताना गुणगुणते हे मला माहीतच नव्हतं.

आणि कोपऱ्यात खरखर.

गोधडीखालून. बारीक, न थांबता, सुकलेल्या पानांवरून कोणी तरी सावकाश चालल्यासारखी. फ्रिज बंद होता. मी उठून बघितला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गोधडी काढायला हात पुढे केला आणि काढली नाही.

यंत्र काढलं. खरखर थांबली.

म्हणजे दोष यंत्राचा. साधा हिशोब आहे. यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं, वर ओडेलच्या लोकरीचे गुंडे ठेवले. तिनं विचारलं, काय झालं, चेहरा पांढरा का पडला. म्हटलं, बॅटरी खराब. झोप मात्र आली नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

संकल्प तडीस! ड्रम पूर्ण उघडला. पितळ व्हिनेगर-मिठानं घासलं. सगळे पेच तेलात ठेवले. जुना खटका झिजून गेला होता, तो फेकला. रँपार्ट स्ट्रीटच्या जुन्या सामानवाल्याकडून दुसऱ्या एका ड्रमचा खटका आणून बसवला. बनावट वेगळी, पण चपखल बसला. दुकानदार बराच वेळ बोट वर-खाली, वर-खाली करून काहीतरी पुटपुटत होता. मान डोलावली आणि निघालो. मला कोण ड्रम शिकवणार.

संध्याकाळी आल्सीदकडे नेला. बिछान्यावरच होता. खटका खाली पाडून त्याला कबरस्तानाची चाल वाजवून दाखवली, अगदी हळू, जशी त्याला आवडते. पहिल्यांदा त्याचे डोळे मोठे झाले. मग हसायला लागला. एवढा हसला की खोकल्याची उबळ आली आणि व्हर्नाला पाणी घेऊन धावावं लागलं. कित्येक दिवसांत असा हसला नव्हता. माझं वादन म्हणजे औषध.

व्हर्ना मला सोडायला पायरीपर्यंत आली. शाळेत मुलांना बँड शिकवते, स्वतः स्नेअर बरा वाजवते. माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, पारँ, ड्रम दोन दिवस माझ्याकडे ठेवा ना, जरा बघते. काय बघतेस? जरा... खटका बघते. मी ड्रम छातीशी धरला. पोरीची नजर ड्रमवर आहे! धर्मकन्या असली तरी.

संकल्प: ड्रमला कोणालाही हात लावू न देणे.

१३ ऑक्टोबर, रविवार

क्लबात मीटिंग. सगळ्यांनी उठून उभं राहून ठराव मांडला, यापुढे मी मिरवणुकीच्या अग्रभागी चालावं. छातीवर पट्टा, हातात पिसं लावलेली छत्री, काळी हॅट. एवढा मोठा मान! तरण्याताठ्यांना मिळत नाही. क्लीव्ह म्हणाला, काका, हातात काहीच घ्यायचं नाही, नुसतं ऐटीत चालायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या.

नम्रपणे नकार दिला. माझ्याशिवाय स्नेअर कोण सांभाळणार? सगळे खाली बघायला लागले. अशी निष्ठा त्यांनी पाहिली नसेल. आणि आल्सीदला शब्द दिलाय, तोही आहेच. अर्थात त्याची गरज पडणार नाही. ड्रम गप्प आहे.

ड्रॉवरमधलं यंत्र कानात घालून एकदा खात्री करावी असं मनात आलं होतं. केली नाही. गरज काय?

१९ ऑक्टोबर, शनिवार

आल्सीद गेला. पहाटे.

ड्रम गप्पच होता. शेवटपर्यंत.

ड्रमजवळ जाऊन म्हटलं, हरामखोरा, सांगायचंस तरी. ओडेल दारात उभी होती. माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. असं ती कधी करत नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दिलेला शब्द पाळला. आयुष्यात असं वाजवलं नव्हतं. थकलोय, पण लिहून ठेवलंच पाहिजे.

चर्चमधून शवपेटी बाहेर आली. मी खटका खाली पाडला आणि सुरू केलं. पहिल्या ठोक्यालाच रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या. थांबल्या! वळून माझ्याकडेच बघत राहिल्या. दोन्ही फुटपाथांवरचे लोक माना वळवून बघत होते. मिसेस लाबोनं छातीवर क्रूस काढला. पेटी उचलणाऱ्यांपैकी एकाचा पाय चुकला. शवपेटीमागे व्हर्ना चालत होती, तिनं एकदाच मागे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे होतं त्याला मला अजून शब्द सापडत नाही. मी मान लववली आणि आणखी जोर लावला.

एकच गालबोट. क्लीव्ह सारखा माझ्या कानात काहीतरी बडबडत होता, वर चक्क खटक्याकडे हात घालायला लागला. अंत्ययात्रेत! काठीनं त्याच्या बोटांवर मारलं. पुन्हा हात घातला नाही. सबंध वाट तो रडत होता. मोठा मऊ माणूस.

कबरस्तानात थडग्याचं तोंड बंद झालं. पाद्र्यानं खूण केली. बाहेर रस्त्यावर आलो. हा क्षण माझा. खटका वर केला आणि रोल मारला, आल्सीदला सोडून दिलं, जा बाबा. छत्र्या उघडायला हव्या होत्या. पण एक क्षण कोणीही हललं नाही. सगळे जागच्या जागी, जणू अजून पुढे चालायचंच आहे. एवढा परिणाम! मग कोणीतरी ट्रंपेट फुंकला, मग कुठे नाच सुरू झाला.

आल्सीद, ऐकलंस ना?

२७ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये कोणी काही म्हणालं नाही. एकही माणूस. मोठ्या वादनानंतर असं होतं म्हणे.

ओडेलनं खेकड्याचा गंबो केला. आज सण नाही, वाढदिवस नाही. दोनदा वाढलं. भांडली नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

ड्रम पुसून ठेवावा म्हणून मांडीवर घेतला. खटका खाली होता, म्हणजे तारा सुटलेल्या. पुसताना तळाला बोट लागलं.

तारा घट्ट होत्या.

खटका वर केला. बोट लावलं. तारा लोंबकळत होत्या.

पुन्हा खाली. पुन्हा वर. बोटांना खोटं बोलता येत नाही. दुकानदाराचं बोट वर-खाली होत होतं तेही डोळ्यांसमोर आलं. लोकरीच्या गुंड्यांखालून यंत्र काढून कानात घातलं, खटका खाली पाडला आणि काठीनं एकच ठोका दिला. पत्र्याच्या डब्यात खिळे ओतल्यासारखा आवाज झाला. आल्सीदच्या शवपेटीमागे चर्चपासून कबरस्तानापर्यंत मी हेच केलं होतं. आणि नाचायच्या वेळी धप्प, धप्प.

फार लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त. आजवर मला काय काय ऐकू आलं नसेल याची.

स्वयंपाकघरात गेलो. ओडेलला विचारलं, तुला माहीत होतं? ती पाठमोरीच म्हणाली, नूमा, सगळ्या रस्त्याला माहीत होतं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

व्हर्नाकडे गेलो. यंत्र लावून. माफी मागायची होती. शब्द पाठ केले होते, दारातच विसरलो.

तिनं कॉफी दिली, दूध घालून, जशी तिच्या वडिलांना लागायची. म्हणाली, पारँ, तुम्हाला नीट ऐकू येत नाही हे बाबांना केव्हापासून माहीत होतं. क्लीव्हला त्यांनीच सांगितलं होतं, नूमाला ढोल लागेल असा चिकटून चाल, म्हणजे अंगाला तरी ठेका कळेल. खटका उलटा बसलाय हे त्या दिवशीच कळलं होतं त्यांना. मी बाबांना म्हटलं, मग पारँना सांगूया, नाहीतर तुमच्या अंत्ययात्रेचं पार वाटोळं होईल. तर बाबा हसायला लागले. म्हणाले, होऊ दे वाटोळं. मला ऐकू येणार नाही, त्याला ऐकू येणार नाही. ऐकणारे तुम्ही. तुम्ही घ्या सोसून.

मी हसलो. तीही हसली. मग मला जे रडू आलं ते थांबेना. यंत्रातून माझं रडणं मला फार मोठ्यानं ऐकू येत होतं, म्हणून यंत्र काढलं. त्यानंतर ती बराच वेळ माझा हात धरून काहीतरी बोलत होती.

निघताना म्हटलं, ड्रम तुझा. शुक्रवारी ये, घेऊन जा.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. ऑल सेंट्स.

सकाळी या दिवसाच्या रिवाजाप्रमाणे ओडेलबरोबर थडग्यांना चुना लावून आलो. आल्सीदच्या थडग्यापाशी शेवंती ठेवली.

संकल्प, शेवटचा आणि पक्का: यंत्र आजपासून दिवसभर कानात. झोपेपर्यंत काढायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

जेवून झाल्यावर ड्रम पुसला, पेच सैल केले, खटका सरळ करून बसवला. पुढच्या दाराशी खुर्ची टाकून, ड्रम मांडीवर घेऊन व्हर्नाची वाट बघत बसलो. वर्तमानपत्राचा कडकडाट फार होत होता, म्हणून यंत्र थोडा वेळ खिशात ठेवलं. ती आली की लगेच लावणार होतो.

ऊन उतरलं तरी ती आली नाही. कामात असेल. मग ओडेल मागच्या अंगणातून हात पुसत तरातरा आली, मला बाजूला सारलं आणि दार उघडलं. व्हर्ना पायरीवर बसली होती. केव्हाची ठोठावत होती म्हणे.